एडिसनचं किराणा दुकान: स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी काय माल ठेवू?

एडिसनकर: न्यू जर्सीत एडिसनला माझं किराणा दुकान आहे. दोन वर्षांत पर्थ अँबॉय आणि न्यू ब्रन्सविककडून स्पॅनिश बोलणारं गिऱ्हाईक बरंच वाढलंय. म्हणून एक रॅक ‘मेक्सिकन’ केला. पिंटो बीन्स (राजम्यासारखे ठिपक्यांचे दाणे), मक्याचं पीठ, सुक्या मिरच्या. निम्मा माल तसाच पडून आहे. कुठे चुकलं?

सुमनताई: दादा, मी पर्थ अँबॉयला सुपरमार्केटमध्ये अकरा वर्षं कॅशवर होते. तिथली वस्ती मुख्यतः डोमिनिकन आणि पोर्तो रिकन, म्हणजे मेक्सिकोची नाही, कॅरिबियन बेटांवरची मंडळी. नुसत्या पिंटोवर त्यांचं भागत नाही. त्यांना लागतात गांदुलेस, म्हणजे आपले तुरीचे ओले दाणे! नाताळात पोर्तो रिकन घरी त्यांचा भात होतोच. तुमच्या फ्रीझरमध्ये तुरीचा लिलवा, म्हणजे तेच ओले दाणे गोठवलेले, असेल ना? आमच्याकडे एकदा मी तो मागवून घेतला होता. एका आजीने पाकिटावरचं दव पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं, दाणे निरखले आणि चार पाकिटं उचलली. कच्ची केळीही ठेवा, ती रोज लागतात.

न्यू ब्रन्सविकची गोष्ट वेगळी. तिथे मेक्सिकोतल्या ओआहाका भागातले लोक खूप आहेत. मिरच्या आणि मक्याचं पीठ तेच नेतील. सोबत चिंच ठेवा, आणि लाल अंबाडीची सुकी बोंडंही, त्यांचं ते सरबत करतात. रॅक मोडू नका, त्याचे दोन भाग करा.

मिलिंद_जे: ताईंशी सहमत. अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतले लोक २०१० साली ५.०५ कोटी होते, २०२० च्या जनगणनेत ६.२१ कोटी. यातली बरीचशी वाढ इथेच जन्मलेल्या मुलांची आहे. आजी स्पॅनिश वाचते, नातू इंग्रजी. पाट्या दोन्ही भाषांत लावा.

एडिसनकर: ताई, लिलवा आहे! मागच्या फ्रीझरमध्ये, अगदी तळाशी. उद्याच पुढे आणतो. पाटीवर ‘गांदुलेस’च लिहू ना?

सुमनताई: पोर्तो रिकन लोक गांदुलेस म्हणतात, डोमिनिकन ग्वांदुलेस. दोन्ही लिहा. आणि संत्र्याची पाटी करणार असाल तर आधी मला विचारा, पोर्तो रिकोत त्याला ‘चिना’ म्हणतात.