बटेरांची अंडी अकरावरून दोनवर आली, काय चुकतंय?

गच्चीवाली, संगमनेर
नमस्कार मंडळी. गच्चीवर २२ बटेर आहेत. जुलैत एक दिवसाची पिल्लं आणली होती. सप्टेंबरात पहिलं अंडं मिळालं तेव्हा लेकाने ते कापसात गुंडाळून शाळेत दाखवायला नेलं! ऑक्टोबरात रोज १०-११ अंडी यायची. दिवाळीनंतर उतरती कळा लागली ती आता डिसेंबरात दोन, फार तर तीन. परवा एकही नाही. पक्षी खाऊन-पिऊन टुणटुणीत आहेत. खाद्य म्हणजे लेयर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य), त्यात निम्मी मक्याची भरड (नुसतं मॅश परवडत नाही). थंडी वाढली म्हणून पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी गोणपाट लावलंय. सासूबाईंच्या मते दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, फरक नाही.

कराडचे काका
ताई, मीठ-मोहऱ्यांनी बिघडलं काही नाही, गोणपाटाने बिघडलंय. थंडी अडवताना तुम्ही उजेडही अडवलात. बटेराची मादी अंडं देते ती उजेडाच्या हिशोबाने. तिला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवसच जेमतेम ११ तासांचा, त्यात गोणपाटाचा अंधार. तिच्या अंगाला वाटतं, हंगाम संपला.

९ वॅटचा पिवळसर एलईडी लावा. पहाटे पाच ते उजाडेपर्यंत आणि दिवस मावळल्यापासून रात्री नऊपर्यंत. पिंजऱ्यात पेपर वाचता येईल इतपत प्रकाश पुरे. एकदम नको, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास वाढवत न्या. टायमर घ्याच, नाहीतर आज पाच, उद्या सात असं होतं. आणि दोन-तीन आठवडे धीर धरा, बटण दाबलं की अंडं पडत नाही. गोणपाट वाऱ्याच्या बाजूला ठेवा, बाकीचं काढा.

दुसरं, ती भरड. लेयर मॅशमध्ये प्रथिनं १६-१८ टक्के, मक्यात आठ-नऊ. निम्मंनिम्मं केलंत की बारा-तेरावर आलं. बटेराला २० च्या आसपास हवं. शिवाय मॅशमधलं कॅल्शियमही निम्मं झालं. अंडं दहा ग्रॅमचं, पण मादीही जेमतेम पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमची असते हो! भरड बंद करा, बटेराचं खाद्य मिळालं तर उत्तम. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तसा त्या खातील.

आणि एक विचारतो, रागावू नका. २२ मध्ये माद्या किती?

गच्चीवाली, संगमनेर
काका, सगळ्या माद्याच असतील असं धरून चालले होते 🙈 ओळखायचं कसं?

कराडचे काका
छाती बघा. नराची विटकरी, सपाट रंगाची. मादीची फिकट, त्यावर काळे ठिपके. खात्री करायची तर उलटं धरून शेपटीखाली हलकं दाबा, वयात आलेल्या नराच्या तिथून पांढरा फेस येतो, दाढीच्या साबणासारखा. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. नर जास्त झाले की माद्यांच्या मानेवरची पिसं उपटून ठेवतात, त्या धसक्यानेही अंडी घटतात.

रानवाट
माझं मत वेगळं आहे. दोन-तीन महिने विश्रांती घेऊ द्या, पिसं झडून नवी येतील, फेब्रुवारीनंतर आपोआप सुरू होतील. मी दिवा लावत नाही.

कराडचे काका
घरच्यापुरते चार पक्षी असतील तर तेही बरोबर आहे. ताईंना अंडी हवीत म्हणून सांगितलं.

चिपळूणचा मामा
अंडी काढता कधी? बटेर दुपारनंतर, बहुतेक तिन्हीसांजेला देतात. सकाळी काढत असाल तर रात्रभर ती उंदरांच्या ताब्यात. माझी १५ दिवस अशीच गेली, मी पक्ष्यांना बोल लावत होतो. पक्षी ज्यातून पाणी पितात ते निपलही दाबून बघा, एकदा एक तुंबलं होतं, त्या कप्प्याची अंडी दुसऱ्याच दिवशी बंद.

गच्चीवाली, संगमनेर
महिन्याने लिहितेय. नर निघाले नऊ! सहा वेगळ्या पिंजऱ्यात टाकले, त्यांच्यावर सासऱ्यांचा डोळा आहे. मामा, निपल ठीक होतं, पण अंडी मी खरंच सकाळीच काढायचे, आता रात्री दिवा विझायच्या आत काढते. माद्यांच्या मानेवर नवी पिसं आलीत. दिवा लावून अठराव्या दिवशी पाच अंडी, काल नऊ, त्यातलं एक बिनकवचाचं, पाण्याच्या फुग्यासारखं लिबलिबीत. शिंपल्याची वाटी भरलेलीच असते. शेजारीण विचारतेय, पहाटे पाचला गच्चीवर कसली पूजा चालते?

कराडचे काका
लिबलिबीत एखाददुसरं येतं सुरुवातीला. आठवडाभर येत राहिलं तर परत लिहा. आणि शेजारणीला चार अंडी पोचवा.