डीईएमध्ये सगळेच कारखाने 1 यायलेत, मदत हवी आहे (अर्जंट)

मांजराकाठ:
साखर कारखान्यांच्या कार्यक्षमतेवर डीईए करायलोय (इनपुटच्या मानानं आउटपुट किती, ते एकमेकांशी ताडून मोजायची पद्धत, 1 म्हणजे पूर्ण कार्यक्षम). एक्सेलच्या सॉल्व्हरवर सीसीआर (आकार बदलला तरी इनपुट-आउटपुटचं प्रमाण तेच धरणारं मॉडेल) लावलं तर जवळपास सगळ्यांचा स्कोर 1, बीसीसीत (आकारानुसार प्रमाण बदलू देणारं मॉडेल) तर सगळेच 1. असं कसं? त्यातला एक कारखाना कामगारांचे पगार द्यायला रडतो!! गाईडला परवा दाखवायचंय, फॉर्म्युला कुठं चुकला तेवढं सांगा.

नंबरीनाना:
कारखाने किती? इनपुट-आउटपुट कोणते? काही न सांगता काय कप्पाळ सांगणार.

मांजराकाठ:
12 आहेत, सगळे मराठवाड्यातले. इनपुट गाळप क्षमता, ऊस, कामगार, पगारखर्च, वीज. आउटपुट साखर, मळी, रिकव्हरी टक्के. डेटा ओके आहे, त्यात प्रॉब्लेम नाही.

नंबरीनाना:
प्रॉब्लेम तिथंच आहे दादा. 5 अन् 3 मिळून 8, त्याची तिप्पट 24 युनिट (इथं कारखाने) तरी पाहिजेत असा ढोबळ नियम. डीईए प्रत्येकाला त्याच्या सोयीचं वजन देतं, तुमच्या रडक्या कारखान्याची मळी बरी असेल तर सगळं वजन मळीवर टाकून तो 1 होऊन बसतो. रिकव्हरी आधी काढून टाका, साखर भागिले ऊस म्हणजेच रिकव्हरी अन् ते दोन्ही आत आहेतच. शिवाय सीसीआरमध्ये टक्केवारी घातली की छोटा कारखाना उगाच पैलवान दिसतो. कामगार अन् पगार यातलं एकच ठेवा.

गोदाकाठची:
पाणी इनपुट कुठंय? 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं लातूरला, अन् इथं उसाची कार्यक्षमता मोजायलेत.

स्टॅटवाला:
डीईए सोडा, एसएफए करा (नशिबाचा भाग वेगळा काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत). डीईएत नशिबाचा भाग धरतच नाहीत, सगळा फरक अकार्यक्षमतेच्या नावावर. एसएफए 1977 पासून आहे.

नंबरीनाना:
12 नगांवर एसएफए? करा अन् दाखवा.

स्टॅटवाला:
12 नगांवर डीईए तरी कुठं चाललंय तुमचं.

बागायतदार_परभणी:
ऊस देऊन 14 दिवस झाले अन् एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) आली नाही तर 15 टक्के व्याज मागता येतं, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मांजराकाठ:
काका मी शेतकरी नाही. नाना, रिकव्हरी अन् पगार काढला, 4 कारखाने 1 च्या खाली आले, बाकी 8 तसेच. डेटा 2017-18 पासून पाच हंगामांचा आहे, शेवटचाच घेतलाय.

नंबरीनाना:
अहो हे आधी सांगायचं ना!! विंडो ॲनालिसिस करा. सलग तीन हंगामांची खिडकी, दरवेळी एक हंगाम पुढं सरकवायची, तीत प्रत्येक कारखाना दर हंगामाला वेगळं युनिट, म्हणजे 36 झाले.

गोदाकाठची:
अन् 2019-20? आदल्या दुष्काळानं ऊसच नव्हता, क्षमता रिकामी पडली, ती मॅनेजरची चूक धरणार का?

नंबरीनाना:
हा मुद्दा बरोबर. क्षमता कारखान्याच्या हातात नसलेलं इनपुट धरा, बँकर-मोरीचं 1986 चं मॉडेल आहे त्यासाठी.

मांजराकाठ:
सॉल्व्हर 36 वेळा चालवायचा का मग?

नंबरीनाना:
पाच हंगामांत खिडक्या तीन, म्हणजे 108 वेळा. आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) घ्या, त्यातलं बेंचमार्किंग पॅकेज फुकट आहे.

मांजराकाठ:
आर येत नाही मला. परवा दाखवायचंय हो.