व्होल्टेज ‘येतं’, करंट ‘ओढला’ जातो : विभवांतर, धारा आणि रोध

विचारणा

शाळेच्या विज्ञानात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध. महावितरणच्या भाषेत उच्चदाब आणि लघुदाब. वायरमनच्या तोंडी व्होल्टेज, ॲम्प, लोड. हे सगळं एकाच गोष्टींबद्दल आहे का? आणि साध्या मराठीत लिहायचं तर कोणते शब्द घ्यावेत?

उत्तर

गोष्टी तीनच. विभवांतर, वीजदाब, व्होल्टेज हे एक, धारा, प्रवाह, करंट हे दुसरं, रोध (करंटला होणारा अडथळा) तिसरं. ‘लोड’ मात्र यांपैकी कशातच बसत नाही. कधी तो जोडलेल्या उपकरणाला म्हणतात, कधी त्याच्या वॅटला, कधी ॲम्पला.

ओहमचा नियम एका ओळीचा : व्होल्ट = ॲम्पिअर × ओहम. मला त्याहून मोलाची वाटतात ती वायरमनची क्रियापदं. व्होल्टेज ‘येतं’ किंवा ‘मिळतं’, करंट उपकरण ‘घेतं’ किंवा ‘ओढतं’. दाब पुरवणाऱ्याकडून ठरतो, रोध उपकरणात असतो आणि करंट त्या दोघांतून ठरतो. ‘किती ॲम्प सोडले?’ हा प्रश्न म्हणूनच चुकतो. १२ व्होल्ट, १ ॲम्पच्या राउटरला १२ व्होल्ट, ५ ॲम्पचा ॲडॉप्टर लावला तरी राउटर जळत नाही. ५ ॲम्प ही ॲडॉप्टरची कमाल क्षमता आहे, राउटर लागेल तेवढंच घेतो. अर्ध्या ॲम्पचा लावला तर मात्र ॲडॉप्टर तापतो, व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो.

दुसरं मत, ‘दाब’ या शब्दाबद्दल

‘वीजदाब’ बोलायला सोपा आहे, पण तो विभवांतरातलं ‘अंतर’, म्हणजे फरक, लपवतो. दाब एका जागीही असू शकतो असं वाटतं. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधलं असतं. उघड्या तारेवर बसलेल्या पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर, जवळजवळ सारख्याच विभवावर असतात, म्हणून त्याला काही होत नाही. ‘वीजदाब’ लिहायचाच तर पहिल्यांदा ‘दोन टोकांमधला’ एवढे शब्द जोडावेत.

‘रोधक’ हा शब्दही जपून वापरावा. ‘जलरोधक’ म्हणजे पाणी पूर्ण अडवणारं, ‘विद्युतरोधक’ म्हणजे वीज वाहू न देणारं. सर्किटमधला १०० ओहमचा घटक वीज अडवत नाही, आवरतो. तिथे ‘रेझिस्टर’च बरा.

शंका

व्होल्टेज कमी आलं की पंपाची मोटर जास्त ॲम्प घेते आणि जळते, हे गावोगाव माहीत आहे. मग दाब घटला की धारा घटते हा नियम कुठे गेला?

खुलासा

आधी गिझर घ्या. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे ८.७ ॲम्प, रोध सुमारे २६.५ ओहम. १८० व्होल्टवर तीच कॉइल ६.८ ॲम्प घेते, ताकद १२२५ वॅटच्या आसपास उतरते, पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. इथे नियम सरळ लागू पडतो.

मोटरमध्ये करंटला आवरणारा फक्त तारेचा रोध नसतो. मोटर फिरताना वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेढ्यांत) उलट दिशेचं विभवांतर तयार होतं, मुख्य आवर त्याचा. पंपाला पाणी जवळजवळ तेवढंच उचलायचं असतं. दाब घटला की वेग थोडा पडतो, उलट विभवांतरही घटतं आणि करंट वाढतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : करंट २० टक्के जास्त, तर वाइंडिंगमधली उष्णता ४४ टक्के जास्त. म्हणून स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पाटीवरच्या ॲम्पवरच लावावा. तो सारखा ट्रिप होतो म्हणून वर सरकवला की संरक्षणच जातं.

जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बलाही नियम सरळ लागू पडत नाही, कारण तापला की त्याचा रोधच बदलतो. पेटलेला असताना रोध सुमारे ८८० ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ओहमच्या नियमात ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ ही अट आहे, ती पाठ करताना गाळली जाते.

पुरवणी

‘ढिला जॉइंट’ याला शास्त्रीय भाषेत ‘नको त्या जागचा रोध’ म्हणावं लागेल. प्लगच्या पिनेपाशी अर्धा ओहम जरी वाढला तरी ८.७ ॲम्पला तिथे जवळपास ३८ वॅट उष्णता निघते. सॉकेट काळं पडतं ते यामुळे. व्होल्टेज मात्र चारेक व्होल्टच कमी दिसतं, त्यामुळे नुसतं मीटर पाहिलं तर हा दोष नजरेतून सुटतो.

मोजतानाही शब्द नीट लक्षात ठेवावेत. व्होल्टेज ‘दोन टोकांत’ मोजतात, म्हणजे मीटर समांतर. करंट ‘वाटेत’ मोजतात, म्हणजे मीटर एकसर. मल्टिमीटरची वायर ॲम्पच्या भोकात ठेवून प्रोब सॉकेटमध्ये घातले तर तो थेट शॉर्ट होतो. रोध तपासायचा तर पुरवठा बंद करूनच. टाँग टेस्टर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारं मीटर) वापरत असाल तर जबड्यात एकच वायर घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर गिझर चालू असूनही शून्य दिसेल.