वॉर्डात क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्ट करायचा आहे, विषय सुचवा (८ आठवडे, बजेट १५०० रु.)

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनची जेआर-२ (दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर) आहे. परवा राउंड संपताना, लिफ्टचं दार बंद होता होता, एचओडी मॅडमनी सांगितलं की युनिटमधून एक क्यूआय प्रोजेक्ट हवा आणि तो मी करायचा. थिसिस वेगळा, हा वेगळा. हातात आठ आठवडे. खर्च माझ्या खिशातून, १५०० च्या वर एक रुपया नाही. वॉर्डात कॉम्प्युटर एकच, तोही इनचार्ज सिस्टरांच्या टेबलावर, त्यावर इंडेंट (स्टोअरकडच्या मागण्या) सोडून दुसरं काही होत नाही.
डोक्यात तीन विषय आहेत: हात धुणे, लॅबमधून परत येणारी सॅम्पल्स, आणि डिस्चार्ज ठरल्यापासून कार्ड हातात पडेपर्यंत जाणारा वेळ. कोणता घेऊ? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगावं ही विनंती.

बाकावरचा
मी डॉक्टर नाही, काही केलेलंही नाही, तरी लिहितो. वडील अकरा दिवस ऍडमिट होते. बारा पंख्यांपैकी पाच चालू. पंखे दुरुस्त करा, हीच क्वालिटी.

पाच_एस
छान धागा. मी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात क्वालिटी बघतो, दोनदा एनएबीएच (हॉस्पिटलची गुणवत्ता-मान्यता) पार पाडलंय. आधी कारणं शोधायला माशाच्या काट्याची आकृती काढा, मग त्यातली मोठी कारणं कोणती ते बघायला परेटो चार्ट. आणि डेटा कागदावर अजिबात नको. एक टॅब्लेट घ्या, १८-२० हजारांत चांगला येतो. आम्ही प्रत्येक मजल्यावर एक दिला होता, ऑडिटर खूश.

रात्रपाळी
सर, १५०० लिहिलंय हो.

पाच_एस
ईएमआयवर घ्या.

एफवन_होतो
इंग्लंडमधून. इथे हा प्रकार दर वर्षी करावाच लागतो, नाहीतर पोर्टफोलिओ रिकामा दिसतो. पहिल्या वर्षी मी रक्ताच्या गुठळ्यांच्या रिस्क असेसमेंटचा फॉर्म घेतला. पोस्टर लावलं, टक्केवारी वाढली, प्रेझेंटेशन झालं, टाळ्या. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी आम्ही सगळे बदललो आणि नव्या मुलांनी त्याच भिंतीवर तेच पोस्टर नव्या रंगात लावलं. ते पोस्टर तिथं आलेलं तिसरं होतं हे मला नंतर कळलं.
म्हणून सल्ला एकच: तुमची पोस्टिंग संपल्यावर जो वॉर्डात उरणार आहे त्याचा प्रोजेक्ट करा. म्हणजे सिस्टरांचा.
अवांतर: २०२४ च्या सप्टेंबरपासून इथे 'ज्युनिअर डॉक्टर' म्हणायचं नाही, 'रेसिडेंट डॉक्टर' म्हणायचं. नाव बदललं, रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) तोच.

बाँडेड
किमान तुम्हाला रोटा तरी आहे. आमचा स्टायपेंड तीन-तीन महिने लटकतो आणि वर म्हणे क्वालिटी सुधारा. आधी आमची सुधारा.

पीडीएसए_प्रेमी
हात धुणेच घ्या. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात बुडवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका दगावत होत्या, जूनमध्ये दोन. याहून स्वस्त प्रोजेक्ट कुठला? आणि सुधारणेच्या चक्राला पीडीसीए (प्लॅन-डू-चेक-ऍक्ट) लिहू नका, पीडीएसए लिहा. क्वालिटीवाल्या डेमिंगचा 'चेक'ला विरोध होता, 'स्टडी' म्हणायचे.

बाँडेड
त्याच सेमेलवाइसला दोन वर्षांत नोकरीवरून घालवलं, तेही सांगा की.

पाच_एस
इंडस्ट्रीत पीडीसीएच म्हणतात. आमच्या सगळ्या फाइलींत पीडीसीए आहे.

पीडीएसए_प्रेमी
म्हणूनच सुधारणा त्या फाइलींतच आहेत.

स्टाफसिस्टर
एकोणीस वर्षं वॉर्डात आहे. हात धुण्याचा विषय घेऊ नकोस बाळा, हात जोडते. दर दोन वर्षांनी एक डॉक्टर येतो नि हात कधी धुवायचे त्या पाच क्षणांचं पोस्टर लावून जातो. माझ्या वॉर्डात चार पोस्टर आणि एक बेसिन. कोपरानं उघडायचा नळ आहे, त्याला पाणी सकाळी अकरापर्यंत. हँडरबची बाटली खाटेला लावली तर नातेवाईक नेतात, कपाटात ठेवली तर चावी माझ्याकडे आणि मी जेवायला गेलेली. शिवाय वही घेऊन कुणी उभं राहिलं की सगळे हात चोळतात. वही गेली की झालं. तू मोजणार काय?

लॅबवाला_काका
सॅम्पल. दुसरं काही बघूच नका. रिजेक्शनचं रजिस्टर आमच्याकडे असतंच, म्हणजे आधीचा डेटा आयता. बहुतेक 'हिमोलाइज्ड' असा शेरा. कारण काय? सिरिंजला सुई तशीच ठेवून बल्बच्या (रक्ताच्या नळीच्या) रबरात खुपसतात आणि अंगठ्यानं जोर देतात. पेशी फुटतात. सुई काढा, झाकण काढा, बल्ब तिरपा धरा, रक्त काचेवरून घरंगळू द्या. ईडीटीएचा (रक्त गोठू न देणारा) बल्ब आठ-दहा वेळा हळू उलटा करा, सरबतासारखा हलवू नका. पीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) निळा बल्ब खुणेपर्यंत भरा, नऊ भाग रक्ताला एक भाग आतलं औषध असं प्रमाण असतं, अर्धा भरला तर रिपोर्ट खोटा.
एकदा रात्री पोटॅशियम ९, म्हणजे जीवावर बेतणारं, आलं, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. फोन केला तर पेशंट उठून चहा पितोय. इंटर्नने प्लेन (औषध नसलेला) बल्ब कमी पडला म्हणून ईडीटीएमधलं रक्त त्यात ओतलं होतं. ईडीटीएत पोटॅशियम असतं आणि तो कॅल्शियम बांधून टाकतो, हे फर्स्ट इयरला शिकवतात ना?

एफवन_होतो
+१. डेटा आयता आहे हा मुद्दा लाखमोलाचा.

पाच_एस
सॅम्पललाच मत. बारकोड प्रिंटर लागेल.

पीडीएसए_प्रेमी
काकांना +१००. कोणताही विषय घ्या, 'आधी-नंतर' असे दोन खांब काढू नका. ग्राफ पेपरवर रोजचा एक ठिपका टाका. आधीच्या दहा-बारा ठिपक्यांचा मध्यक काढून रेघ मारा. त्यावर पडलेले ठिपके सोडून लागोपाठ सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी खरंच हललंय. ग्राफ पेपर पाच रुपयांना मिळतो. बदलही आधी एका खाटेवर, एका दिवशी करून बघा, अख्ख्या वॉर्डात नको. आणि पुढेमागे पेपर छापायचा असेल तर एथिक्स कमिटीला पत्र आत्ताच द्या, नंतर परवानगी मिळत नसते.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद इंटर्नच्या ग्रुपवर टाकला आहे.
पण मी डिस्चार्ज कार्डच घेतेय. गेल्या सोमवारी एका आजोबांचा डिस्चार्ज राउंडला सव्वादहाला ठरला. कार्ड मिळालं चारला दहा कमी असताना. त्यांच्या गावची शेवटची एसटी साडेतीनची. नाइटला खाली उतरले तर पोर्चमध्ये, डोक्याखाली एक्स-रेचं पाकीट घेऊन झोपलेले. मला बघून उठून बसले आणि म्हणाले, मॅडम, सही राहिली का काही?
म्हणून काल आणि आज वही घेऊन बसले. सात डिस्चार्ज. लिहायला वीस मिनिटं लागतात. बाकी वेळ कार्ड नुसतं पडून असतं: आधी इंटर्न सॅम्पल पोचवून येईपर्यंत, मग लेक्चरर सर ओपीडीतून सहीला येईपर्यंत, आणि फुले योजनेतला पेशंट असेल तर त्या योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, सापडेपर्यंत. एकात तर शिक्का कपाटात होता. उद्या एकाच पेशंटचं कार्ड आदल्या संध्याकाळी लिहून ठेवणार, औषधं आणि फॉलोअपची तारीख तेवढी कोरी. सही राउंडमध्येच, खाटेपाशी. खर्च आतापर्यंत ४० रुपयांची वही आणि २८० चं भिंतीवरचं घड्याळ.

स्टाफसिस्टर
शिक्क्याची चावी इनचार्जकडे असते. तिला आधी विचार, मग घड्याळ लाव. आणि ऍडमिशन डेच्या (युनिटला नवे पेशंट येतात त्या दिवशीच्या) संध्याकाळी कार्ड कोण लिहिणार ते आत्ताच ठरव.

बाँडेड
आदल्या दिवशी लिहिलेलं कार्ड आणि पेशंटला रात्री ताप आला की?

रात्रपाळी
फाडून टाकायचं. कोरी कार्डं स्टोअरमध्ये गठ्ठ्यानं आहेत. ऍडमिशन डेचं मात्र अजून सुचलेलं नाही.

लॅबवाला_काका
तुमची मर्जी. सुई तेवढी काढा.

पाच_एस
टॅब्लेटची लिंक व्यनि केली आहे.