पुणे–दिल्ली विमानाने : नेमका वेळ किती धरायचा? (अनुभव धागा)

लोहगावहून दिल्लीला किंवा आणखी कुठे विमानाने जाताना अंतर किती, हवेत वेळ किती, अडकायला कुठे होतं? ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते आकड्यांसकट लिहा.

बाणेर : पुणे–दिल्ली सरळ रेषेत साधारण ११५५ किमी, म्हणजे ६२४ नॉटिकल मैल. एअरबस ए३२० विमान पुरेशा उंचीवर पोहोचलं की ताशी ८३० किमीच्या आसपास जातं. भागाकाराने १ तास २४ मिनिटं येतात, तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास. चढता-उतरताना वेग कमी असतो, वाट नेमून दिलेली असते. म्हणून हवेत पावणेदोन तास धरा. बाकीचा वेळ जमिनीवरचा. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि दिल्लीत जागेवर लागलं की संपते. तिथे धावपट्टी सोडून गेटपर्यंत यायलाच १५-२० मिनिटं जाऊ शकतात. न्यायला येणाऱ्याने ‘उतरलो’ असा फोन आला म्हणून लगेच गाडी दारात आणू नये.

विमाननगर : त्यात लोहगाव हवाई दलाचा तळ, धावपट्टी एकच, २५३५ मीटरची. लढाऊ विमानांचा सराव चालू असला की प्रवासी विमान थांबतं. कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटं जास्तीची धरतात, त्यामुळे २० मिनिटं उशिरा सुटलेलंही कधी कधी वेळेवर टेकतं.

पिंपळे सौदागर : डिसेंबरअखेर ते जानेवारी सकाळचं विमान घेऊच नका, दुपारी १२ नंतरचं घ्या. दिल्लीतल्या धुक्यात तिकडून येणारं विमान अडकलं की पुण्यात लख्ख ऊन असूनही आपलं लटकतं. घरून निघण्याआधी फ्लाइटरडारवर (विमानं आत्ता कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारं ॲप) त्या विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ते आत्ता कुठे आहे ते पाहा. दिल्लीजवळ नकाशावर रेघ लांबट कड्यासारखी एकावर एक गिरवलेली दिसली, तर ते होल्डिंग, म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत हवेत घिरट्या. एक फेरी साधारण ४ मिनिटांची. पाच फेऱ्यांत २० मिनिटं गेली. इंधन ठरलेल्या मर्यादेला आलं की विमान जयपूर किंवा लखनौला वळवतात.

सिंहगड रोड : वाऱ्याचा फरक पाहायचा तर कोलकाता घ्या, साधारण १५८० किमी. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो. तो ताशी ६० किमी धरला तरी जाताना १ तास ४७ मिनिटं, येताना २ तास ३. दिल्ली उत्तरेला, वारा बाजूने लागतो, म्हणून तिथे जाण्या-येण्यात एवढा फरक पडत नाही.

कोथरूड : बहुतेक कंपन्यांचं काउंटर देशांतर्गत विमानाला ६० मिनिटं आधी बंद होतं, गेट २५ मिनिटं आधी. चेक-इन बॅग असेल तर हिशेब काउंटरच्या वेळेचा करा.

वानवडी : दुबईच्या तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुबई दीड तास मागे. रात्री ८ ला सुटून ९:५० ला पोहोचणारं विमान ३ तास २० मिनिटांचं आहे. जेवणाच्या, औषधाच्या वेळा त्यावरून लावा.