येन इतका का घसरला?

टोकियोकर: २०२० च्या अखेरीस १ लाख येन घरी पाठवले की ७० हजार रुपये पडायचे. जुलै २०२४ मध्ये ५२ हजार! पगार तोच, साताऱ्याच्या घराचा हप्ताही तोच. असं का व्हावं?

अनघा: व्याजदरांमुळे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, मार्च २०२२ पासून दर शून्याजवळून ५.२५-५.५० टक्क्यांवर नेला. बँक ऑफ जपानचा मात्र मार्च २०२४ पर्यंत उणे ०.१ होता. मोठे गुंतवणूकदार येन स्वस्तात उचलायचे, विकून डॉलर घ्यायचे आणि तिकडचं व्याज खायचे. मी ट्रेझरी डेस्कवर, म्हणजे चलनांच्या खरेदी-विक्रीच्या कामावर आहे, येनची ही विक्री रोज बघत होते. ३१ जुलै २०२४ ला जपानने दर जेमतेम ०.२५ केला, पाठोपाठ अमेरिकेतले रोजगाराचे आकडे कमजोर आले. उधारी फेडायला सगळे हातातले शेअर विकून एकदम येन घ्यायला धावले. ५ ऑगस्टला जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १२.४ टक्के कोसळला, सेन्सेक्स २,२०० अंकांनी. ‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

चाकणवाला: आमची जपानी मशीनच्या सुट्या भागांची बिलं येनमध्ये येतात. येन स्वस्त होता ते दिवस आम्हाला बरे गेले.

टोकियोकर: मग पैसे पाठवायला थांबू का?

अनघा: हप्त्यापुरते दरमहा पाठवाच. त्यात अंदाज बांधू नका.