मृत्युपत्र, नॉमिनी, वारसनोंद: तुमच्या घरी प्रत्यक्षात काय झालं?

बाबा गेले त्याला आता आठ महिने होतील. शनिवार पेठेतल्या घरी त्यांचं लोखंडी कपाट आहे. त्यात मिळकतकराच्या १९८७ पासूनच्या पावत्या सालवार लावलेल्या सापडल्या, बंद पडलेल्या स्कूटरचं आरसी बुक सापडलं, माझं तिसरीचं प्रगतिपुस्तकसुद्धा. मृत्युपत्र नाही. "मी काय इतक्यात जातोय का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि विषय काढणारी मी अभद्र तोंडाची.

तेव्हापासून हवेलीचं दुय्यम निबंधक कार्यालय, सिटी सर्व्हे आणि तीन बँका अशी माझी प्रदक्षिणा चालू आहे. रांगेत उभी असलेली माणसं जे सांगतात ते वकिलाच्या केबिनमध्ये कळत नाही, म्हणून हा धागा. आपल्याकडे वारसा कर नाही, इस्टेट ड्युटी १९८५ सालीच गेली. तरी पैसा जातोच, चकरांमध्ये आणि अबोल्यात. सल्ला नको, घडलेलं लिहा. माणसांची, बँकांची, सोसायट्यांची नावं टाळा.

नणंद, कर्वेनगर

माझा धाकटा भाऊ ४३व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी वहिनी. सोसायटीने भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) तिचं नाव चढवलं आणि आम्हाला वाटलं, झालं काम. दोन वर्षांनी तिने फ्लॅट विकून चिंचवडला माहेराजवळ जायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, टोकन आलं, आणि त्याच्या वकिलाने विचारलं, "बाकीच्या वारसांच्या सह्या कुठे आहेत?"

कुठले बाकीचे? तर हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला की बायको, मुलं आणि आई यांचा सारखा वाटा. वडील त्या पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे फ्लॅट तिघींचा: वहिनी, नऊ वर्षांची भाची आणि ८१ वर्षांची आमची आई. नॉमिनी म्हणजे किल्ली सांभाळणारा, घर त्याचं होत नाही. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय, पण आमच्या सोसायटीच्या चेअरमनला ते अजून पटलेलं नाही.

आई आपला वाटा सोडायला एका पायावर तयार होती. हक्कसोडपत्र नोंदवायला तिला व्हीलचेअरवरून नेलं. यंत्र अंगठा घेईना. पुसून बघितला, ओला करून बघितला, दुसरं बोट लावलं. मागे रांग वाढत होती. आई क्लार्कला म्हणाली, "पोळ्या लाटून गेल्या रे रेषा." तो हसला, आणि पुढच्या खेपेला अंगठा लागला.

खरा घोळ भाचीच्या वाट्याचा. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाची स्थावर मिळकत सख्ख्या आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शिवाजीनगर कोर्टात अर्ज, मग तारखा. परवानगी मिळाली, पण भाचीचा हिस्सा ती १८ वर्षांची होईपर्यंत तिच्या नावे ठेवीत ठेवायच्या अटीवर. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे घर घेऊन मोकळं झालं होतं.

आणि एक गोष्ट मी घरात कधी बोलले नाही. आई ते हक्कसोडपत्र न करता गेली असती तर तिच्या तिसऱ्या हिश्शात भाचीबरोबर मीही वारस झाले असते. वहिनीच्या घरात. हे वकिलाने सांगितलं तेव्हा वहिनी शेजारच्याच खुर्चीत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला ते न बघणंच लागलं.

हिंजवडीचा हमाल

छोटंसं. लग्नाआधी पीएफला आई नॉमिनी होती. लग्न झालं की ते नामांकन रद्द ठरतं, हे मला एका सहकाऱ्याच्या बायकोची धावपळ बघून कळलं. तो असा अचानक गेला आणि तिच्या हातात आठ वर्षांपूर्वीचा, सासूच्या नावाचा फॉर्म. त्याच रात्री ई-नॉमिनेशन भरून टाकलं. बँक खात्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसकट देता येतात, तेही केलं. बायको म्हणाली, एवढ्या उत्साहाने तू कधी गॅसचं बुकिंगही केलं नाहीस.

भाची, सहकारनगर

आमची मावशी शिक्षिका होती. काका लवकर गेले, मूल नाही. वन बीएचके तिने स्वतःच्या पगारातून घेतला. मृत्युपत्राचं काढलं की म्हणायची, "माझ्यामागे तुम्हीच तर आहात, कागद कशाला?"

तिला वाटत होतं ते कायद्यात नाही. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, नवरा आणि मुलं नसली, तर तिची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर. भावंडं, भाचरं त्याहून मागे. आईवडिलांकडून आलेली मिळकत असेल तर गोष्ट वेगळी, पण स्वकमाईला हाच क्रम, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो तसाच लावला. म्हणजे फ्लॅट जाणार काकांच्या पुतण्याकडे, नाशिकला. मावशी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तो? त्याला माझा पत्ता तरी माहीत आहे का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साध्या कागदावर मृत्युपत्र तयार. त्याला स्टॅम्प लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही, तरी तिने नोंदवलं. दोन साक्षीदार, दोघेही तिच्यापेक्षा तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे: खालचे डॉक्टर आणि तिची एक माजी विद्यार्थिनी. मुलींनो, हे मी खास तुमच्यासाठी लिहितेय. आपल्याला वाटतं मृत्युपत्र पुरुषांनी करायचं असतं.

मुळशीची लेक

आमच्याकडे कागद वेळेवर झाला, म्हणूनच दुखतंय. आजोबा गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर दोन्ही मामांबरोबर आईचं नाव लागलं. भाऊबीजेला ओवाळून झालं, आणि ताटात साडीसोबत हक्कसोडपत्राचा मसुदा. आईने महिन्याभरात सही केली. माहेर तुटू नये म्हणून. पुढे जमिनीचे गुंठे पडले आणि भाव कुठच्या कुठे गेले. माहेर तुटलं नाही, पण आई आता दिवाळीला "गुडघे दुखतात" म्हणते.

लेकींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला असं सगळे म्हणतात. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मापासूनचा हक्क तेव्हाचा, आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो लागू, हे २०२० मध्ये पक्कं झालं. पण मृत्युपत्राशिवाय गेलेल्या बापाच्या हिश्शात मुलगी १९५६ पासून वारस आहे. साडी तेव्हापासूनच चालू आहे.

भाऊ, भोर

वरच्या ताईंना दुसरी बाजू सांगतो. वडिलांचं डायलिसिस तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा पुण्याला गाडी मी नेली. गावच्या शेतीकर्जाच्या सोसायटीचं कर्ज मी फेडलं. बहिणींनी आपणहून हक्क सोडला, मी मागितला नव्हता. प्रत्येक भाऊ मसुदा घेऊन बसलेला नसतो.

मुळशीची लेक

दादा, मान्य. पण मग तुमच्या वडिलांनी मृत्युपत्रात तसं लिहून ठेवायला हवं होतं ना? म्हणजे बहिणींच्या मोठेपणाची परीक्षा झाली नसती.

निवृत्त, बिबवेवाडी

मी उत्साहात जिवंतपणीच राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने दिलं. मुलाला दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वरचे आकार निराळे, म्हणून एजंट म्हणाला उरकून टाका. दोन वर्षांत माझ्याच घरात टीव्हीचा आवाज कमी करायला मला सांगण्यात येऊ लागलं. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र दिलं की दिलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं, पण सांभाळण्याची अट त्यात लिहिलेली असेल तर बळ येतं. मी लिहिली नव्हती. पोटच्या पोराला अट कसली घालायची, असं वाटलं. आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांसमोर मुलाविरुद्ध उभं राहणं माझ्याच्याने होणार नाही. एवढंच.

आई, वारजे

माझा मुलगा २४ वर्षांचा, ऑटिझम. वय वाढलं तरी तो स्वतः व्यवहार करू शकत नाही, आणि १८ पूर्ण झाल्यावर आम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालकही उरत नाही. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घेतलं. फ्लॅट त्याच्या नावावर ठेवून काय उपयोग, त्याला भाडेकरूची सही घेता येणार नाही. म्हणून खासगी न्यास (ट्रस्ट) केला: विश्वस्त माझी बहीण आणि तिचा मुलगा, भाड्यातून याचा खर्च. करारातली कलमं वकिलाने लिहिली. मी स्वतंत्र वहीत लिहिलं की त्याला वरणभात कालवलेला चालत नाही, मिक्सरचा आवाज सहन होत नाही आणि गुरुवारी पर्वतीच्या पायऱ्या चढायच्याच असतात. बहिणीचा मुलगा ती वही वाचून म्हणाला, मावशी, हेच खरं मृत्युपत्र.

मुलगा न्यू जर्सीत, आम्ही औंधात

मुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अॅटर्नीवर) विसंबू नका. माझ्या भावाने त्याच्या मुलाला दिलं होतं. भाऊ गेला त्या क्षणी त्या कागदाची रद्दी झाली, हे मुलाला विमानातून उतरल्यावर कळलं.

नात, नारायण पेठ

आमच्या आजीकडे ना वकील ना नोंदणी. तिने दागिन्यांच्या प्रत्येक डबीत चिठ्ठी घालून ठेवली होती. पाटल्या मोठ्या सुनेला, "कारण तिने माझं हगणंमुतणं काढलं." नथ धाकटीला, "ती रागावेल, पण तिच्या नाकाला शोभते." कोर्टात हे टिकलं नसतं, दोन साक्षीदार नाहीत. आमच्याकडे कुणी नेलंही नाही. एका डबीत फक्त चिठ्ठी निघाली: "यातली अंगठी १९७२ च्या दुष्काळात मोडली. कुणी कुणावर संशय घेऊ नये."